चढलात, पण उतरलात कुठे?

कोलाडला राफ्टिंग केलंय का? तुम्ही नसेल केलं, तर तुमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी नक्की केलं असेल आणि हेल्मेट घातलेला तो ओलाचिंब फोटो अजून त्याच्या डीपीला असेल. आता एक साधी गोष्ट आठवा. हे राफ्टिंग ऐन मे महिन्यातही चालतं. आजूबाजूच्या नद्यांत तेव्हा म्हैस डुंबेल एवढंही पाणी नसतं आणि कुंडलिका मात्र सकाळी सकाळी फेसाळत येते. गाइड सांगतो, ‘पाणी सुटलं की निघायचं.’ सुटलं म्हणजे कुठून सुटलं, हे त्याला विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही. आपण सेल्फीत असतो.

ते सुटतं भिऱ्याच्या वीजघरातून. भिऱ्याला ते येतं मुळशी धरणातून. आणि मुळशी धरण आहे मुळा नदीवर. हीच ती पुण्यातली मुळा, संगम पुलापाशी मुठेला मिळणारी. म्हणजे हे पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर पुण्यातून भीमेत, भीमेतून उजनीत, पुढे पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाळवंटाला वळसा घालून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचलं असतं. हजार किलोमीटरच्या वर प्रवास. त्याऐवजी ते कोलाडला तुमच्या तोंडावर उडतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं.

पंढरपूरचं पाणी रेवदंड्याला जातं, हे शक्य होतं एका कड्यामुळे.

आता राफ्टमधून उतरा आणि ट्रेनमध्ये बसा. मुंबईहून पुण्याला निघालात की कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात (ट्रेनवेड्या मित्राला विचारा, तो ‘बँकर’ म्हणेल), तेवढ्यात आपण वडापाव उरकतो. मग बोगदे, दऱ्या, कानात दडे. तास-पाऊण तासात गाडी साधारण पावणेसहाशे मीटर वर चढते. लोणावळा येतं. चिक्की येते. त्यानंतर काय होतं? काहीच नाही. मळवली, कामशेत, तळेगाव आणि पुणं. आपण घाट चढलो, पण घाट उतरलोच नाही!

शाळेच्या चित्रकलेच्या वहीत आपण सगळ्यांनी एकच डोंगर काढलाय. दोन त्रिकोण, मध्ये उगवता सूर्य. चढा एका बाजूने, उतरा दुसऱ्या बाजूने. सह्याद्री त्या वहीतला डोंगर नाहीच. तो टेबलाची कड आहे. कोकणातून बघाल तर समोर हजार मीटरची भिंत. देशावरून याल तर रस्ता आरामात वर-खाली होत येतो, भाताची खाचरं लागतात, एखादं झापाचं घर लागतं आणि मग अचानक पायाखालची जमीनच संपते. हरिश्चंद्रगडावर पोटावर झोपून ज्यांनी कोकणकड्यावरून खाली डोकावलंय, त्यांना हे ‘संपणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. आता तुम्ही म्हणाल, सिंहगड चढतो आणि उतरतोही, त्याचं काय? बरोबर. पण सिंहगडाची डोंगररांग ही या मुख्य कडेपासून पूर्वेला फुटलेला फाटा आहे. मुख्य धारेवर उभं राहिलात की एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला कोसळण.

आणि हो, घाट म्हणजे डोंगर नव्हे. घाट म्हणजे डोंगरातून चढणारी वाट. बोरघाट, नाणेघाट, वरंधा घाट. इंग्रजांनी वाटेचं नाव अख्ख्या पर्वताला चिकटवलं आणि आपणही ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणायला लागलो. आपल्या लोकांनी मात्र याला फार नेमके शब्द ठेवलेत. वर देश, खाली कोकण, मधल्या कडेला घाटमाथा आणि कड्याच्या पोटाशी जी सपाट पट्टी असते तिला पदर. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा हे चार शब्द जास्त सांगतात.

ही कड झाली कशी? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि त्यातून लाव्हा वाहिला. शंकूसारखा ज्वालामुखी, वर धूर, असलं सिनेमातलं दृश्य नव्हे. लांबच लांब भेगांतून लाव्हा सांडत राहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा सांडला. थरावर थर. पावसाळ्यात माळशेजला धबधबे बघता ना, ते एकदम पडत नाहीत, टप्प्याटप्प्याने पडतात. ते टप्पे म्हणजे लाव्ह्याचे थर. घट्ट कातळाचा थर आला की सरळ भिंत, त्याखाली जाळीदार, ठिसूळ थर आला की तो झिजून पायरी. ट्रेकला ‘आडवी मारत’ जातो ती गवताळ पट्टी बहुतेक वेळा अशाच एखाद्या मऊ थरावर असते. दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरतं, म्हणून किल्ल्यांवरची कित्येक टाकी कड्याच्या मुळाशी खोदलेली सापडतात. ज्यांनी ती खोदली त्यांच्याकडे जिऑलॉजीची डिग्री नव्हती. पाणी कुठे मिळतं ते मात्र बरोबर माहीत होतं.

हे थर साचत होते त्याच सुमारास भारताची पश्चिम बाजू फाटत होती. सेशेल्स बेटांचा तुकडा सुटून निघून गेला, आपला किनारा नव्याने तयार झाला आणि पठाराला पश्चिमेकडे एक उघडी, उंच कड मिळाली. ती कड सुरुवातीला समुद्राच्या बरीच जवळ होती आणि नंतर झिजत झिजत पूर्वेकडे सरकली, असं मानलं जातं. किती आणि किती वेगाने, यावर भूशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण मागे राहिलेल्या खुणा तुम्ही वीकेण्डला पायाखाली घालता. माथेरान घ्या. चहूबाजूंनी कडे आणि वर सपाट. शेजारी प्रबळगड, तिकडे माहुली. कधीकाळी हे सगळं एकसलग होतं. कडा मागे हटला, हे तुकडे कोकणात एकटे उभे राहिले.

आता पावसाकडे या. जूनमध्ये अरबी समुद्रावरून वारा येतो, बाष्पाने भरलेला. कोकणच्या अरुंद पट्टीत त्याला फारसं कुणी अडवत नाही. मग एकदम ही भिंत. वाऱ्याला वर चढण्यावाचून इलाज नसतो. वर चढला की थंड होतो, थंड झाला की ओझं टाकतो. नाणेघाटात पाणी खाली पडायच्याऐवजी आकाशात उडतं, ती ‘उलट्या धबधब्या’ची रील्स तुम्ही शंभरदा फॉरवर्ड केली असतील. त्यात चमत्कार काही नाही. कड्यावर आपटून सरळ वर उसळणारा वारा तुम्हाला तिथे डोळ्यांनी दिसतो, एवढंच. सगळ्या महाराष्ट्राचा पावसाळा त्या एका रीलमध्ये आहे.

ओझं टाकून झालं की वारा पलीकडे उतरतो आणि कोरडा होतो. किती कोरडा? महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणखी बारा-तेरा किलोमीटर, पसरणीचा घाट उतरून वाईला या, सातशे-आठशेवर गाडी आलेली असते. पुढे त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव. महाबळेश्वरपासून दहिवडी शंभर-सव्वाशे किलोमीटर. एका टोकाला स्ट्रॉबेरी, दुसऱ्या टोकाला चारा छावणी. जिल्हा एक, पालकमंत्री एक. कड्यापासूनचं अंतर वेगळं.

महाबळेश्वरला गेलात तर पॉइंट्सच्या गर्दीतून थोडा वेळ काढून क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जा. दगडी गोमुखातून पाणी पडतं आणि ते पाच नद्यांचं मानलं जातं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. यातल्या चौघी पूर्वेकडे जातात, कृष्णा होऊन तेलंगण-आंध्र ओलांडतात. सावित्री एकटी कड्यावरून खाली उडी घेते आणि महाड-पोलादपूरच्या वाटेने बाणकोटच्या खाडीला जाते. कृष्णेला समुद्र गाठायला १४०० किलोमीटर लागतात. सावित्रीला शंभरच्या आसपास. उत्तरेला त्र्यंबकलाही हीच कथा आहे. गोदावरी तिथून निघून पैठणच्या जायकवाडीत शिरते आणि मराठवाड्याची तहान होते, तर त्याच डोंगरांतून निघालेली वैतरणा पश्चिमेला वळून मुंबईकरांच्या नळात येते. पावसाचा थेंब कड्याच्या धारेवर चार पावलं इकडे पडला की तिकडे, यावर तो औरंगाबादच्या बाजूला जाणार की अंधेरीच्या, हे ठरतं.

मग कोकण सुखी असायला हवं ना? तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काय चेष्टा आहे! पण एप्रिलमध्ये कोकणातल्या कुठल्याही वाडीवर जाऊन बघा. विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बायका दिसतील. कारण पुन्हा तोच कडा. नद्या आखूड, उतार उभा, खाली कातळ. पाणी वर पडतं आणि काही तासांत समुद्रात जातं. जमिनीत मुरायला त्याला वेळच मिळत नाही. जे मुरतं ते जांभ्यातून झिरपून निघूनही जातं. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, वैतरणेची धरणं आहेत, मुंबईचं बहुतेक पाणी त्याच पट्ट्यातून येतं. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुणी घरात बसून नाही केलेली.

या वेगाची दुसरी बाजू २२ जुलै २०२१ ला दिसली. महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशेच्या जवळपास मिलिमीटर पाऊस झाला. वाईला जेवढा वर्षभरात पडतो, जवळपास तेवढा एका दिवसात! पश्चिमेला महाड आणि चिपळूण काही तासांत बुडालं. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेत डोंगराच्या उतारावरची माती सुटून खाली आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पूर्वेला गेलेलं पाणी रमतगमत कऱ्हाडवरून सांगलीला पोचलं, तिथे पूर नंतर चढला. सांगलीकरांना सामान माडीवर न्यायला थोडी तरी उसंत मिळाली. कड्याखालच्या माणसाला ती मिळत नाही. कड्याखाली पूर आणि दरड एकाच रात्री येतात.

इथवरची करणी निसर्गाची. आता माणसाची.

कड्याच्या वर पाणी आहे आणि खाली अर्धा किलोमीटरचा खड्डा, हे बघून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टाटांच्या इंजिनिअरांच्या लक्षात आलं की हा फुकटचा उतार आहे. पूर्वेला जाणाऱ्या नद्या कड्याच्या काठावरच अडवायच्या, डोंगरातून पाणी पश्चिमेला वळवायचं, पाइपातून खाली सोडायचं आणि टर्बाइन फिरवायचं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. जुन्या हायवेने खोपोलीवरून जाताना डोंगरावरून उतरलेले जाडजूड पाइप दिसतात, ते हेच. मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मावळातली पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार हे कळल्यावर १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह झाला. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांमध्ये तो मोजला जातो. तीनेक वर्षं चालला. धरण झालंच. म्हणून कोलाडला राफ्टिंग आहे. हे वाक्य लिहिताना मलाही जरा विचित्र वाटतंय, पण साखळी तशीच आहे.

स्वातंत्र्यानंतर हाच हिशेब सरकारने मोठ्या पाटीवर मांडला. कोयना महाबळेश्वरहून निघून साठ-पासष्ट किलोमीटर कड्याला समांतर दक्षिणेकडे जाते, मग हेळवाकजवळ पूर्वेला वळते. त्या वळणाजवळ धरण. शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठवणारं. तिथून बोगद्याने पोफळीला, डोंगराच्या पोटातल्या वीजघरात. टर्बाइनवर पडून गेलेल्या पाण्याला अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला जातं. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला सोडायला मान्यता दिली आहे. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरहून थोडं जास्त. गुणाकार तुम्हीच करा.

तर एकीकडे आपण पूर्वेचं पाणी पश्चिमेला खाली सोडतोय. आणि दुसरीकडे? नार-पार, दमणगंगा, वैतरणा, उल्हास या पश्चिमेकडच्या खोऱ्यांतलं पाणी उचलून कडा चढवायचं आणि गिरणा-गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यांत टाकायचं, अशा योजना राज्य सरकार पुढे नेतंय. मराठवाडा आणि खानदेशाची गरज खरी आहे, त्यात शंका नाही. पण नकाशा समोर ठेवा. त्याच कड्यावरून एका जागी पाणी खाली सोडून वीज करायची, दुसऱ्या जागी वीज जाळून पाणी वर चढवायचं.

अकरावीचं फिजिक्स काढा. एमजीएच. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडलं तर कागदावर १.३६ युनिट ऊर्जा मिळते. प्रत्यक्षात घट धरून त्याहून कमी. तेच पाणी तेवढंच वर न्यायचं तर त्याहून जास्त वीज लागते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर भरेल एवढं पाणी कड्यावरून सोडलं, की आपल्या हातात तेरा युनिटही येत नाहीत. दुष्काळातल्या मे महिन्यात माण तालुक्यात त्या टँकरची किंमत काय असते, ते तिथल्या एखाद्या क्लासमेटला विचारा.

सोलापूर-पुण्याकडून ही मागणी बरीच जुनी आहे. टाटांच्या धरणांचं पाणी वीज करून समुद्राकडे घालवू नका, भीमेच्या खोऱ्यात सोडा. मला ती रास्त वाटते, निदान तुटीच्या वर्षी तरी. पण ‘बंद करा वीजघर’ म्हणणाऱ्यांनी घाटाखाली एक चक्कर मारावी. शंभर वर्षं पाताळगंगा आणि कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी येतंय. त्या पाण्यावर खोपोली-रसायनीचे, रोहा-धाटावचे कारखाने उभे राहिलेत, गावांच्या नळयोजना चालतात, कालव्यांवर उन्हाळी भात होतो. वर तहान लागली म्हणून खालचा नळ फट्कन बंद करता येत नाही. मुंबईलाही संध्याकाळी अचानक विजेची मागणी वाढली की काही मिनिटांत सुरू होणारं वीजघर लागतं, कोळशाचं तसं होत नाही. हा गुंता सोडवायचा तर आधी तो दिसायला हवा, आणि आपल्यातल्या बहुतेकांना मुंबईतला दिवा, कोलाडची राफ्ट आणि पंढरपूरचं कोरडं वाळवंट एका पाइपाला जोडलेलं आहे हेच माहीत नसतं. विजेच्या बदल्यात सौर ऊर्जा मिळू शकेल, पाण्याच्या बदल्यात काय मिळणार, हा प्रश्न येत्या काही वर्षांत जोरात विचारला जाईल. तेव्हा मतदार आपण असू.

पुण्याहून पुढच्या वेळी कोलाडला जाल तेव्हा ताम्हिणीतूनच जा. बराच वेळ मुळशीचं पाणी रस्त्याच्या कडेने सोबत करतं, हिरवंगार, शांत, काठावर मका भाजणाऱ्या टपऱ्या. मग ते दिसेनासं होतं आणि थोड्या वेळाने घाट सुरू होतो. तिथे गाडी नीट बाजूला घेऊन मागे वळून एकदा बघा. उजवीकडे-डावीकडे कडे, समोर कोकण. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये वळणं घेत उतरत असता. पाणी पाइपातून तुमच्या कितीतरी आधी खाली पोचलेलं असतं.